आपली दाढी आपण

बर्ट्रंड रसेल यांनी १९१८ साली दिलेल्या व्याख्यानांत एका न्हाव्याचे कोडे येते. ते त्यांना दुसऱ्या कुणी सुचवले होते, पण चालू लागले ते रसेल यांच्याच नावावर. एका गावात एक न्हावी आहे. जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत त्या सर्वांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी हा न्हावी करतो. मग न्हाव्याची दाढी कोण करतो? तो स्वतः करत असेल, तर नियमाप्रमाणे त्याने ती करता कामा नये. तो स्वतः करत नसेल, तर नियमाप्रमाणे त्यानेच ती केली पाहिजे. निष्कर्ष असा की, असा न्हावी असूच शकत नाही.

तर्कशास्त्राचे काम इथे संपते. पण कोड्यातले गाव मनात राहते. त्या गावात माणसांचे दोनच गट आहेत : स्वतःची दाढी करणारे आणि न्हाव्याकडून करवून घेणारे. ज्याला दाढी करवून घ्यायची आहे, त्याला न्हावी नाही म्हणत नाही. न्हाव्याच्या हातून निघाल्यावर कुणाला आंघोळ करावी लागत नाही. रसेल यांचा न्हावी तर्काच्या नियमाने अशक्य ठरला. आपल्याकडच्या बहुतेक गावांत तो दुसऱ्याच नियमाने अशक्य होता.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले एखादे गाव घ्या. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले, आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा करीपर्यंत भोसल्यांची गादी तिथे होती. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास सांगणारा १८०३ चा मराठी शिलालेख आजही वाचता येतो. तंजावरच्या शहाजीराजांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर गाव ४६ पंडितांना इनाम दिले, आणि त्याला शहाजीराजपुरम् हे नाव पडले. अशा इनामांनी आणि त्याआधीच्या चोळ-नायक काळातल्या दानांनी या भातशेतीच्या मुलखात गावाचा एक साचा घट्ट झाला. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनी तंजावर जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास १९६५ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यात हा साचा स्पष्ट दिसतो : ब्राह्मणांचे अग्रहार, ब्राह्मणेतर शेतकरी-कारागिरांची वस्ती, आणि शेतांपलीकडे दलित मजुरांची चेरी.

आता रसेल यांचा प्रश्न या गावाला विचारून पाहा. अग्रहारातल्या आणि शेतकरी वस्तीतल्या पुरुषांची दाढी गावचा न्हावी करी. चेरीतल्या पुरुषांची तो करत नसे. त्याला ते काम करायचे होते की नव्हते, हा प्रश्न कुणी त्याला विचारलाच नव्हता. चेरीला हात लावला असता, तर उरलेल्या दोन वस्त्यांनी त्याला दाराशी उभे केले नसते. म्हणून चेरीत एकमेकांचे केस एकमेक कापत, किंवा त्यांच्यातलेच एखादे कुटुंब ते काम करी. कोड्यात न बसणारा हा तिसरा गट. दाढी करण्याच्या साध्या कृतीत नीतीचा काही प्रश्न असेल, तर तो या तिसऱ्या गटापासून सुरू होतो.

०००

आधी हे पाहू, की हा न्हावी होता कोण. तमिळमध्ये दाढी करण्याला 'सवरम्' म्हणतात. शब्द ओळखीचाच आहे, आपला 'क्षौर'. ज्यांचा हा व्यवसाय, तो समाज आज 'मरुत्तुवर' हे नाव लावतो, आणि मरुत्तुवर म्हणजे वैद्य. आपल्याकडे जसे 'नाभिक' हे नाव पुढे आले तसेच हे. पण मरुत्तुवर या नावामागे एक जुने सत्यही आहे. गळू फोडणे, जखम बांधणे, पाला वाटून लावणे ही कामे न्हाव्याकडे असत. त्याच्या घरातली स्त्री सुईण असे. अग्रहारातले मूल जगात येताना त्याला पहिला हात तिचा लागे. मूल मोठे झाले की जावळ, मग मुंजीचे क्षौर, मग दर पंधरवड्याची हजामत, आणि शेवटी बाप गेल्यावर मुलाचे डोके भादरणे. माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्या वळणांवर हे एकच घर उभे असे.

मोबदला म्हणजे धान्य. कापणीनंतर खळ्यावर भाताची रास पडली की धोबी, सुतार, लोहार आणि न्हावी यांचे वाटे निघत. आपल्या बलुत्यासारखेच. रोजची मोजदाद नव्हती. वर्षाचे काम आणि वर्षाचा वाटा. न्हाव्याची धोकटीही आपल्याकडच्यासारखीच : वस्तरा, कात्री, नराणी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा, लहानशी वाटी, हातात धरायचा आरसा.

एक विसंगती मात्र नीट पाहण्यासारखी आहे. नदीच्या घाटावर किंवा घराच्या मागच्या अंगाला, झाडाखाली, गिऱ्हाईक मान वर करून बसे. उघड्या गळ्यावर धारदार पाते फिरे. या माणसाच्या हाताबद्दल रतिभर शंका असती, तर कुणी असे बसले नसते. गावात याच्याइतका विश्वास क्वचितच कुणावर टाकला जाई. आणि दाढी होताच तो गिऱ्हाईक थेट पाण्यात उतरे, कारण स्पर्श झाला होता. ज्याच्या हाती गळा दिला, त्याच हाताचा विटाळ धुऊन काढायचा. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एकाच माणसाबाबत घडत, आणि दोघांनाही त्यात वावगे वाटत नसे, निदान बोलून दाखवावे इतके नाही.

चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिश्लोकांत एक श्लोक सांगतो की न्हाव्याच्या घरी जाऊन क्षौर केले, तर इंद्राचीसुद्धा संपत्ती जाते. वरवर पाहता ही एक अंधश्रद्धा. पण तिच्यातली व्यवस्था ओळखू येते : न्हाव्याने तुमच्याकडे यायचे, तुम्ही त्याच्याकडे जायचे नाही. सेवा घ्यायची, पण सेवेकऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही.

०००

या व्यवस्थेला धक्का बसला तो कुठल्याही उपदेशाने नव्हे. तो बसला बोटभर लांबीच्या एका पोलादी पात्याने.

स्वतःची दाढी स्वतः करण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमधले चाकू-कात्र्या घडवणारे कारागीर जाँ-जाक पेरे यांनी १७६९ मध्ये चक्क 'स्वतःची दाढी करायला शिकण्याची कला' या विषयावर पुस्तक लिहिले, आणि वस्तऱ्याला लाकडी आवरण घालून कातडी वाचवायची युक्तीही काढली. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कँफे बंधूंनी 'सेफ्टी रेझर' हे नाव रूढ केले. पण त्यांच्या पात्यालाही धार लावावी लागे, म्हणजे निम्मे कौशल्य शिल्लकच राहिले होते. किंग कँप जिलेट यांनी धार लावण्याचे कामच काढून टाकले. पातळ पाते, बोथट झाले की फेकायचे. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. १९०४ मध्ये पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या शिपायांना लाखोंच्या संख्येने हे रेझर दिले, आणि खंदकात शिकलेली सवय शिपायांनी घरी नेली. याच जिलेट यांनी १८९४ मध्ये एक पुस्तक लिहून सगळा उद्योग एका सामायिक संस्थेच्या हाती सोपवावा, माणसांमाणसांतली स्पर्धा संपवावी, असे स्वप्न मांडले होते. जगाने त्यांचे ते स्वप्न ठेवून दिले आणि प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पाते घेतले.

आपल्याकडे हे यंत्र साहेबाच्या आणि साहेबाच्या कचेरीतल्या कारकुनाच्या सामानातून आले. मद्रास-मुंबईच्या कचेऱ्यांत रोज गुळगुळीत गालांनी हजर व्हावे लागे. पंधरा दिवसांनी येणारा न्हावी तिथे पुरणार नव्हता. अग्रहारातून नोकरीसाठी बाहेर पडलेली पिढी सुट्टीला परत आली, तेव्हा तिच्या पेटीत रेझर, ब्रश आणि साबणाची वडी होती. पुढे देशातच पाती बनू लागली, स्वस्त झाली. सेव्हन ओ'क्लॉक, टोपाझ ही नावे किराणा दुकानांच्या काचेमागे लागली, आणि एकेक पाते सुटे मिळू लागले. सुटे पाते ही गोष्ट लहान नाही. ज्याला वर्षाचे बलुते द्यायला जमीन नव्हती, त्यालाही एक पाते परवडत होते. आणि दुकानदार त्याला ते विकत होता.

०००

सेफ्टी रेझरने दाढी करायला शिकणे म्हणजे काय शिकणे? प्रश्न किरकोळ वाटतो, पण पुढच्या विचाराला तो लागणार आहे.

शिकवणारा पहिली गोष्ट सांगतो : दाबू नकोस. रेझरचे डोके जड असते, त्याचेच वजन पुरते. दुसरी : दांडा कलता धर, पाते गालाशी साधारण तीस अंशांत राहू दे. उभे धरलेस तर ते खरवडते, आडवे धरलेस तर नुसते घसरते. तिसरी : केस कोणत्या दिशेला वाढतात ते आधी बोटांनी चाचपून पाहा. गालावर ते खाली वाढतात, गळ्याशी बहुतेकांचे वळण बदलते, जबड्याच्या कोपऱ्यात भोवरा असतो. पहिला हात केसांच्या दिशेने फिरव. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धर. गरम पाण्याने केस मऊ होऊ देत, फेस दाट होऊ दे, घाई करू नकोस. शेवटी थंड पाणी आणि तुरटी.

हे सगळे पाच मिनिटांत सांगून होते आणि शिकायला काही महिने लागतात. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात 'अमुक आहे हे माहीत असणे' आणि 'अमुक कसे करावे हे माहीत असणे' यांत जो फरक केला, तो इथे गालावर कळतो. दाबू नये हे डोक्याला पहिल्या दिवशी कळते. हाताला ते कळायला बरेच दिवस लागतात. आणि हाताला कळले, की ते कसे कळले हे डोक्याला सांगता येत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. यंत्राला 'सेफ्टी' म्हणतात ते, न्हाव्याच्या बोटांतले बरेचसे ज्ञान त्याच्या धातूच्या कडेत बसवून दिलेले आहे म्हणून. पाते किती बाहेर यावे, कातडीशी कसे भिडावे, हे कारखान्यात ठरलेले असते. तरीसुद्धा शिकायला इतके उरते. मग ज्याच्या हाती उघडा वस्तरा होता, ज्याला स्वतःचा एकच चेहरा नव्हे तर गावातले शंभर चेहरे, प्रत्येकाचे भोवरे, व्रण, सुरकुत्या, म्हाताऱ्यांची सैल कातडी आणि पोरांची चुळबूळ सांभाळायची होती, आणि दगड-चामड्यावर रोज धारही ठेवायची होती, त्याला काय येत होते? भाताचा तो वाटा कशाचा मोबदला होता, हे स्वतःची दाढी शिकणाऱ्याला पहिल्यांदा कळू शकते.

कळू शकते, असे म्हणतो. कळतेच असे नाही.

०००

स्वतःचे केस स्वतः कापण्याच्या दोन गोष्टी आपल्या वाङ्मयात आहेत. त्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

पहिली गांधीजींची. आत्मकथेत ते प्रिटोरियातला प्रसंग सांगतात. एका इंग्रज न्हाव्याने त्यांचे केस कापायला तुच्छतेने नकार दिला. गांधीजींनी केस कापायचे यंत्र विकत घेतले आणि आरशासमोर स्वतःच कापले. पुढचे कसेबसे जमले, मागचे बिघडले, आणि कोर्टातल्या मित्रांनी थट्टा केली. दाढी करायला तर ते विलायतेतच शिकले होते. इथपर्यंत ही स्वावलंबनाची गोष्ट आहे. पण गांधीजी पुढे जे लिहितात त्याने तिचा रोख बदलतो. त्या न्हाव्याचा दोष नव्हता, असे ते म्हणतात. काळ्या माणसाचे केस कापले असते, तर त्याचे गिऱ्हाईक तुटले असते. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांचे केस कापू देतो का? आपल्याच पापाचे हे फळ, असे वाटल्यामुळे आपल्याला राग आला नाही, असे ते सांगतात.

दुसरी गोष्ट साताऱ्याची. डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बालपणाबद्दल लिहिले आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, आणि पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नाही. पण अस्पृश्याचे केस कापायला कुणी न्हावी तयार नव्हता. म्हणून घरातल्या मुलांचे केस त्यांची मोठी बहीण कापत असे. कापून कापून ती त्या कामात चांगली तरबेज झाली होती.

दोन्ही ठिकाणी न्हाव्याने नाही म्हटले, आणि दोन्ही ठिकाणी घरच्या घरी काम भागवले गेले. पण गांधीजींनी हाती यंत्र घेतले, तेव्हा ते एका निवडीचे चिन्ह होते. त्यांना दुसरा न्हावी मिळू शकला असता. त्या बहिणीने कात्री हाती घेतली, तेव्हा तिच्यासमोर निवड नव्हती. तिच्या कौशल्याला स्वावलंबन म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. बाहेरून एकसारखी दिसणारी कृती एकाकडे व्रत असते आणि दुसरीकडे बहिष्कारावर केलेला तोडगा असतो. तंजावरच्या गावांतही तेच झाले. तेच सेफ्टी रेझर अग्रहारात गेले आणि चेरीतही गेले. दोन्हीकडे त्याचा अर्थ एक नव्हता.

चेरीतल्या माणसासाठी सुटे पाते ही खरीखुरी मोकळीक होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. कुणाची परवानगी न घेता, कुणाच्या दाराशी न जाता, गाल स्वच्छ करून आरशात पाहता येणे ही स्वाभिमानाची गोष्ट आहे. याच मुलखात पेरियार यांच्या चळवळीने 'स्वाभिमान' हा शब्द घरोघर नेला होता. पण त्या पात्याने मजुराच्या गालापलीकडे फारसे काही बदलले नाही, हेही तितकेच खरे. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत भाताच्या मजुरीच्या झगड्यातून ४४ दलितांना जाळून मारले गेले. त्या काळात बाजारात पाती सर्वत्र मिळत होती.

अग्रहारातला अर्थ वेगळा होता, आणि माझा मुख्य प्रश्न त्याबद्दल आहे. तिथल्या माणसाने रेझर घेतले आणि न्हाव्याची रोजची गरज संपली. गरज संपली तसा स्पर्शही संपला, स्पर्शानंतरची आंघोळही संपली. शंभर वर्षे सुधारक ज्या विटाळाविरुद्ध बोलत होते, तो प्रसंगच उरला नाही. मग प्रश्न सुटला की टळला?

०००

एक बाजू म्हणेल की हा भेद पोकळ आहे. अपमानकारक प्रथा गेली ना? न्हाव्याच्या मुलाला बापासारखे मागच्या दाराशी ताटकळावे लागले नाही, तो शिकला, शहरात गेला, त्याने दुकान काढले. माणसांची मने बदलण्याची वाट पाहत बसलो असतो, तर किती पिढ्या गेल्या असत्या? विहिरीवर कुणी पाणी भरू द्यावे म्हणून झगडण्याऐवजी घरोघर नळ आला, तर बिघडले काय? नीतीला परिणामाशी मतलब असावा, हेतूशी नाही.

हा युक्तिवाद हलका नाही. नळाने आणि पात्याने जितक्या लोकांची लाचारी कमी केली, तितकी बऱ्याच प्रवचनांनी केली नसेल. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : प्रसंग गेला की त्यामागची वृत्तीही गेली. अनुभव तसा नाही. अग्रहारात रोजची दाढी स्वतःची झाली, पण बाप गेल्यावर दहाव्या दिवशी डोके भादरायला न्हावीच लागला, कारण स्वतःचे डोके स्वतः भादरणे जमत नाही आणि शास्त्रालाही ते चालत नाही. आणि तो आला तेव्हा मागच्याच दाराने आला. मधल्या वर्षांत कुणाला काही शिकावे लागले नव्हते. एकमेकांची गरज असताना निदान दर पंधरवड्याला तो प्रश्न समोर येऊन बसत होता. गरज संपली आणि समोर बसायचे कारणच राहिले नाही.

आणखी एक गोष्ट हरवली. सेवा देणारा माणूस नाही म्हणू शकतो. १८९० साली मुंबईत, सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असे त्यांनी ठरवले. ज्यांना उच्चवर्णीय घरांत मागच्या दाराने घेतले जाई, त्यांनी त्या घरांच्या आतल्या क्रौर्याला नकार दिला. कावेरीकाठच्या ब्राह्मण घरांतही विधवांचे वपन होत असे. तिथेही ते न्हाव्याच्याच हातून होई. वस्तरा दुसऱ्याच्या हाती असतो, तोवर त्या हाताला विवेक असण्याची शक्यता असते. यंत्र कधी नकार देत नाही. साताऱ्यातला न्हावीही नाही म्हणाला आणि मुंबईतलाही. एकाच्या नकारामागे गावाचे भय होते, दुसऱ्याच्या नकारामागे विचार होता. पण दोघेही माणसे होती, म्हणूनच त्यांच्याशी बोलता येत होते आणि त्यांच्यात बदल होऊ शकत होता.

साताऱ्याच्या त्या मुलाने पुढे काय मागितले, हे पाहिले की सुटणे आणि टळणे यांतला फरक मला सर्वांत स्वच्छ दिसतो. १९४८ मध्ये घटना समितीत सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या कलमावर चर्चा चालू होती. आज ते पंधरावे कलम आहे. त्यात 'दुकान' असा शब्द आहे. दुकानात कपडे धुण्याची आणि केस कापण्याची दुकाने येतात का, असा प्रश्न निघाला. आंबेडकरांनी शब्दाचा अर्थ शक्य तितका रुंद केला : मागेल त्याला आपली सेवा द्यायला मालक जिथे तयार असतो, ते दुकान. ज्याचे केस बहिणीने कापले होते, त्याने 'प्रत्येकाला एक कात्री द्या' असे म्हटले नाही. दुकानाचे दार सर्वांना उघडे असले पाहिजे, असे म्हटले. कात्री घरात होतीच. हवा होता तो इतरांच्या रांगेतला, इतरांसारखाच क्रमांक.

०००

आज शहरांत सेफ्टी रेझर पुन्हा हौसेने शिकले जाते. पाच पात्यांची प्लास्टिकची कार्ट्रिज आणि विजेवरची यंत्रे वापरून कंटाळलेले तरुण आजोबांचे रेझर शोधून काढतात, चांगला ब्रश घेतात, फेस कसा दाट करावा ते शिकतात. याला ते पारंपरिक पद्धत म्हणतात. ज्या यंत्राने एक परंपरा मोडली, तेच आता परंपरा झाले, याची गंमत वाटते. त्यांच्या हौसेला नावे ठेवायचे कारण नाही. रोज सकाळी दहा मिनिटे लक्ष देऊन, न दाबता, न घाई करता काही करणे हे चांगलेच आहे. फक्त एवढेच सुचवावेसे वाटते की हाताला हे कौशल्य येईल तेव्हा, आपल्याआधी ते कुणाकडे होते याचीही आठवण यावी. हाताने मिळवलेले ज्ञान आदरापर्यंत पोहोचले नाही, तर तो नुसता छंद राहतो.

कारण दाराचा प्रश्न अजून संपलेला नाही. कावेरीच्या खोऱ्यातल्या लहान गावांत आणि तालुक्याच्या स्टँडजवळ आज सलून आहेत. फिरती खुर्ची, समोर-मागे आरसे, बाकावर वर्तमानपत्र. चाणक्याच्या श्लोकातली भीती इथे उलटी झाली आहे. आता गिऱ्हाईक न्हाव्याच्या दारी जाते, आणि पैसे टाकून उठते. ही खुर्ची म्हणजे गावातले एक मोठे पाऊल होते. पण देशात कुठल्या तरी गावात दलित तरुणाला सलूनमध्ये बसू दिले नाही, अशी बातमी अजूनही येते. आणि त्या दुकानदाराला पकडून विचारले, तर तो बहुधा तेच सांगतो जे प्रिटोरियाच्या न्हाव्याबद्दल गांधीजींनी ओळखले होते : बाकीचे गिऱ्हाईक येणार नाही. म्हणजे उत्तर द्यायचे आहे ते बाकावर बसलेल्या बाकीच्यांनी. जे आरामात घरी दाढी करतात, त्यांनीही. कारण आपली दाढी आपण केल्याने त्या बाकावरची आपली जागा रिकामी होते. आपण त्या प्रश्नाचे साक्षीदारही राहत नाही.

याचा अर्थ रेझर टाकून द्यावे असा नाही. स्वावलंबनाची किंमत आहेच. पण मी कुणावर अवलंबून नाही, या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, कुणाला माझ्यासाठी वाकावे लागत नाही. दुसरा, कुणासमोर मला मान वर करून बसावे लागत नाही. पहिल्यात न्याय आहे. दुसऱ्यात नुसती सोय असू शकते, आणि जुनी घृणाही त्यात खपून जाऊ शकते. आपले स्वावलंबन यांतल्या कोणत्या अर्थाचे आहे, याची परीक्षा आरशासमोर होत नाही. ती होते सलूनच्या बाकावर, आपल्या आधीचा क्रमांक कुणाचा आहे हे पाहून आपण थांबतो की उठतो यावर.

रसेल यांच्या कोड्याला खऱ्या गावांत एक साधे उत्तर होते. न्हाव्याची दाढी दुसरा न्हावी करी. शेजारच्या गावचा भाऊबंद आला की आधी हा बसे, मग तो. एकाने गळा पुढे करायचा, दुसऱ्याने वस्तरा धरायचा, आणि मग जागा बदलायच्या. तिथे भाताचा वाटा नव्हता, मागचे दार नव्हते, आणि दाढी झाल्यावर कुणी विटाळ धुवायला नदीत उतरत नव्हते. दोघांनाही ठाऊक होते की समोरच्याच्या हातात काय कसब आहे. सबंध गावात हीच एक दाढी अशी होती.